वाटेवरचा चापडा: घाटमाथ्यावरच्या एका सर्पदंशाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सिंधुदुर्गातल्या घाटमाथ्यावरच्या एका गावातलं आहे. गाव, होमस्टे, दवाखाने आणि माणसं यांची नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि प्रत्येक टप्प्यावर घेतलेले निर्णय मात्र जसे झाले तसेच ठेवले आहेत. दंश झालेल्या बाईंना गावात सगळे मावशी म्हणतात, म्हणून इथेही मावशीच.

## पार्श्वभूमी

जूनच्या मध्यावर पाऊस लागला की महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचं हे दक्षिण टोक धुक्यात बुडतं आणि रात्री बेडकांनी गजबजतं. गेल्या काही वर्षांत इथे पावसाळी पर्यटनाचं रूप पालटलं आहे. पूर्वी लोक धबधब्याखाली भिजायला यायचे, आता शनिवार-रविवारी मॅक्रो लेन्स, फ्लॅश आणि हेडलॅम्प घेऊन येतात. रात्री आठ-साडेआठला गाईडबरोबर निघायचं, मलबारी उडत्या बेडकाची फेसाची घरटी बघायची, विंचू बघायचे, आणि मुख्य म्हणजे चापडा बघायचा. पाहुण्यांचा पहिला प्रश्न तोच असतो: चापडा दिसेल ना?

हा चापडा म्हणजे मलबारी चापडा, अर्थात मलबार पिट व्हायपर. पश्चिम घाटाबाहेर तो जगात कुठेही सापडत नाही. १८५४ मध्ये जर्डन यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याच्या मागे लोक वेडे होतात ते रंगामुळे. एकाच जातीत हिरवा, पिवळसर, नारिंगी, विटकरी, शेवाळलेल्या खोडासारखा तपकिरी असे साप असतात. एकाच ओढ्याच्या काठावर हिरवा आणि तपकिरी असे दोन्ही दिसू शकतात, आणि नवख्या माणसाला ते दोन वेगळे साप वाटतात. बहुतेक दोन-अडीच फुटांचे, मोठा असला तर मीटरभर. डोकं त्रिकोणी, मान बारीक, शेपटी फांदीला विळखा घालून धरणारी. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो, त्याने उष्णता कळते. काळोखात उंदीर समोरून गेला तर चापड्याला त्याच्या अंगाची ऊब ‘दिसते’. २०१० मध्ये या खळग्यातल्या चेतातंतूंवरचा उष्णता टिपणारा रेणू शास्त्रज्ञांनी शोधून काढला.

या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची ठरली ती त्याची सवय. चापडा पाठलाग करत नाही, दबा धरून बसतो. एक फांदी निवडतो, डोकं खाली करून वेटोळं करतो आणि त्याच फांदीवर कित्येक दिवस राहतो. माणूस हातभर अंतरावरून गेला तरी तो बहुधा हलत नाही. लोक या स्थिरपणाला गरीबपणा समजतात. खरं तर हलायचं नाही यावरच त्याचं पोट आणि त्याचा जीव अवलंबून असतो. हलला की तो भक्ष्यालाही दिसतो आणि सर्पगरुडालाही.

होमस्टे चार खोल्यांचा. मागच्या दारातून जांभ्याच्या पायऱ्यांची वाट ओढ्याकडे उतरते, दोन्ही बाजूंना अंजनी आणि कारवी. रात्री याच वाटेने पाहुणे जातात. दिवसा मावशी आणि आणखी दोघी तिथेच राबतात: गवत काढणं, पालापाचोळा ओढणं, पाण्याचा पाइप मोकळा करणं. एकाच वाटेला दोन पाळ्यांची माणसं, आणि त्यांची एकमेकांशी फारशी गाठ पडत नव्हती. गाईड रात्री बाराला घरी जायचा, मावशी सकाळी सातला यायच्या.

## वाटेच्या कडेला साप: पहिला निर्णय

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गाईडला पायऱ्यांलगतच्या अंजनीच्या झुडपात गुडघ्याच्या उंचीवर एक चापडा दिसला. अंग विटकरी, त्यावर गडद तपकिरी ठिपक्यांची नागमोडी रांग. वाटेपासून जेमतेम वीतभर आत. दुसऱ्या रात्री तो तिथेच, तिसऱ्या रात्रीही तिथेच. गाईडने रोज त्याचे फोटो काढले. हे फोटो पुढे फार कामाला आले.

मालक आणि गाईड यांनी बसून विचार केला. त्यांच्यापुढे तीन मार्ग होते. साप काठीने उचलून ओढ्यापलीकडे सोडायचा, ती वाट काही दिवस बंद करून वळसा घालायचा, किंवा साप आहे तिथे राहू द्यायचा आणि जागेवर खूण करायची. गाईडला पहिला मार्ग नको होता, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. विनाकारण साप उचलणं धोक्याचं आहेच, शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणं आणि हुसकावणंही येतं. वळशाची वाट निसरडी होती आणि पाहुण्यांना तोच साप बघायचा होता. म्हणून तिसरा मार्ग ठरला. झुडपाच्या वरच्या फांदीला लाल चिंधी बांधली.

साप न हलवण्याचा निर्णय मला आजही योग्यच वाटतो. चुकलं ते चिंधीपुढचं. ती कशासाठी आहे हे रात्रीच्या पाहुण्यांना रोज सांगितलं जायचं, दिवसा काम करणाऱ्या बायकांना कोणीच सांगितलं नाही. मावशींना वाटलं, गाईडने पाहुण्यांसाठी कसलीशी खूण केली असेल.

## फांदी कापली: दुसरा निर्णय

ऑगस्टमधल्या एका शनिवारी आठ जणांचा गट आला. साप नेहमीच्या जागी होता, पण त्याच्या डोक्यासमोर एक पानांची डहाळी येत होती. एका पाहुण्याने ती कापायची परवानगी मागितली. गाईड आधी नाही म्हणाला. मग दोघा-तिघांनी आग्रह धरला, एवढ्या लांबून आलोय, एवढंसं पान तर आहे. गाईड तेवीस वर्षांचा, समोरची माणसं वयाने आणि पैशाने मोठी, होमस्टेचं नाव त्यांच्या शिफारशीवर चालणारं. त्याने मान हलवली. डहाळी कापली गेली. त्यानंतर डोकं लेन्सकडे वळावं म्हणून कोणीतरी ट्रायपॉडच्या पायाने फांदी थोडी दाबली.

सापाने मान मागे घेतली, शरीराचा वरचा भाग वळणदार आकसला. हा हल्ल्याआधीचा पवित्रा, जवळ येऊ नका हे सांगण्याची त्याची पद्धत. त्याच क्षणाचे फोटो सगळ्यांनी काढले. थोड्या वेळाने साप फांदी सोडून झुडपाच्या बुंध्याकडे सरकला आणि दिसेनासा झाला. गाईडने टॉर्च फिरवून पाहिलं, पाऊस वाढला होता, गट पुढे निघाला.

इथे दोन गोष्टी एकदम घडल्या, आणि दुसरी कोणाच्या लक्षातच आली नाही. एक म्हणजे सापाला त्रास झाला. दुसरी म्हणजे इतके दिवस ठाऊक असलेली त्याची जागा आता कोणालाच ठाऊक राहिली नाही. चिंधी मात्र रिकाम्या फांदीवर तशीच लटकत होती. गाईडने रात्री मालकांना फोन केला नाही. त्याला ती सांगण्यासारखी गोष्ट वाटली नव्हती.

## दंशाची सकाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मावशी पायऱ्यांच्या कडेचं गवत काढत होत्या. उजव्या हातात विळा, डाव्या मुठीत गवताचा झुबका. झुडपापासून ही जागा सहा-सात फुटांवर. मुठीतलं गवत ओढताना डाव्या तर्जनीला काहीतरी टोचलं. आधी काटा वाटला. मग आग सुरू झाली आणि गवतात विटकरी रंगाचं काहीतरी हलताना दिसलं.

आरडाओरडा ऐकून गाईड धावला. त्याने साप पकडायचा किंवा मारायचा प्रयत्न केला नाही. पायरीच्या फटीत शिरणाऱ्या सापाचा लांबूनच झूम करून फोटो घेतला. नंतर आधीच्या फोटोंशी तो पडताळला. मानेमागचा तिसरा ठिपका मधोमध तुटलेला होता, दोन्हीकडे अगदी सारखा. साप तोच होता. रात्री फांदी दाबली म्हणूनच तो खाली आला, असं शपथेवर कोणी सांगू शकणार नाही. पण इतके दिवस न हललेला साप त्याच रात्री हलला, हे नोंदीत आहे.

पुढची दहा मिनिटं महत्त्वाची होती. शेजारच्या एकाने सुतळी आणली आणि मनगटाला आवळून बांधायला घेतली. मालकांनी त्याला थांबवलं. चापड्याच्या जातीच्या दंशात सूज मोठी येते, त्यावर आवळपट्टी बांधली तर रक्तपुरवठा तुटून बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. कोणी ब्लेडने चीर द्यायला सांगितलं, तेही झालं नाही.

खरा पेच पडला तो बांगड्यांचा. मावशींच्या हातात हिरव्या काचेच्या घट्ट बांगड्या आणि बोटात अंगठी. सूज चढली की दोन्ही रुतणार. बांगड्या वाढवायला मावशी तयार नव्हत्या, नवरा समोर उभा असताना तर नाहीच. मालकांच्या पत्नीने वाद घातला नाही. साबणाचं पाणी आणलं, हात धरून एकेक बांगडी सरकवत काढली आणि पदरात बांधून मावशींच्या मांडीवर ठेवली. अंगठीही तशीच निघाली. अर्ध्या तासाने तर्जनी इतकी सुजली होती की अंगठी कापावीच लागली असती. या सबंध प्रकरणातला सर्वांत नेमका प्रथमोपचार मला हाच वाटतो.

हात ओढणीच्या झोळीत स्थिर ठेवला, मावशींना चालू न देता खुर्चीवरून गाडीपर्यंत नेलं.

## आधी कुठे न्यायचं

प्राथमिक आरोग्य केंद्र दहा मिनिटांवर, उपजिल्हा रुग्णालय घाट उतरून. एरवी पाऊण तास, त्या दिवशीच्या धुक्यात किती ते सांगता येत नव्हतं. नवऱ्याचा कल थेट खाली न्यायचा होता. मालकांनी केंद्रात न्यायचं ठरवलं आणि वाटेतूनच फोन लावून साप चावलेला पेशंट आणतोय म्हणून कळवलं. घाटात धुक्यात अडकून पडण्यापेक्षा सलाइन, ॲड्रेनालिन (जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीवरचं औषध) आणि डॉक्टर असलेल्या ठिकाणी आधी पोहोचणं शहाणपणाचं होतं.

## प्रतिविष द्यायचं की थांबायचं

केंद्रात पोहोचताच नवरा म्हणाला, “डॉक्टर, फुरसाच आसा ता. सुई मारा लवकर.”

त्याचं म्हणणं निराधार नव्हतं. कोकणात फुरशाची दहशत पिढ्यान्पिढ्यांची आहे, आणि छोटा, तपकिरी, ठिपकेवाला, त्रिकोणी डोक्याचा साप म्हटलं की पहिलं नाव फुरशाचंच येतं. हिरवा साप चावला असता तर घरच्यांनी लगेच चापडा म्हटलं असतं. हा विटकरी होता, म्हणून तो फुरसं झाला. ज्या रंगासाठी पाहुणे इतक्या लांबून येतात, त्याच रंगाने इथे घरच्यांची दिशाभूल केली.

तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने रंगाबद्दल विचारलंच नाही. त्याचे प्रश्न वेगळे होते. कुठे चावला? आधी तो कुठे बसलेला असायचा? जमिनीवर की झुडपात? अंगाचा खरखर आवाज केला का? फुरसं उघड्या, कोरड्या, दगडाळ जागेत, कोकणातल्या सड्यावर असतं. डिवचलं की अंगाची वळणं एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं, आणि त्याच्या डोक्यावर बाणासारखी फिकट खूण असते. ओल्या झुडपात गुडघ्याच्या उंचीवर कित्येक दिवस बसून राहणारं फुरसं नसतं. मग गाईडने मोबाइल पुढे केला. जुन्या फोटोत डोळा आणि नाकपुडीमधला खळगा स्वच्छ दिसत होता. फुरशाला तो नसतो.

ही ओळख इतकी महत्त्वाची का? भारतात मिळणारं सर्पविषावरचं प्रतिविष चार सापांच्या विषापासून बनतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चेन्नईजवळच्या इरुला सर्पपकड सहकारी संस्थेतून काढलेलं विष वर्षानुवर्षं त्यासाठी वापरलं जातं. चापड्याचं विष त्या चारांत नाही. त्याच्या दंशावर हे प्रतिविष भरवशाने लागू पडत नाही, आणि ते घोड्याच्या रक्तातल्या प्रथिनांपासून बनवलेलं असल्याने काही रुग्णांना त्याची जिवावर बेतणारी ॲलर्जी येऊ शकते. उपयोग अनिश्चित आणि धोका खरा, अशी ही गोष्ट आहे. दुसरीकडे ओळख चुकली असेल आणि साप खरंच फुरसं असेल, तर प्रतिविष लांबवणं घातक ठरू शकतं.

डॉक्टरपुढे तीन मार्ग होते. घरच्यांच्या समाधानासाठी प्रतिविष सुरू करणं, काहीही न करता खाली पाठवणं, किंवा रक्ताची चाचणी करून तिच्यावर विसंबणं. त्याने तिसरा निवडला. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेतलं, नळी न हलवता टेबलावर उभी ठेवली आणि नवऱ्याला सांगितलं, “मोबाइलवर वीस मिनिटं लावा. वेळ झाली की मला हाक मारा.”

वीस मिनिटांनी नळी आडवी केली. रक्ताचा घट्ट गोळा जागचा हलला नाही. विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडवली असती तर ते पाण्यासारखं वाहिलं असतं. फुरसं आणि घोणस यांच्या दंशात हे वाहणं नेहमी बघायला मिळतं. वीस मिनिटं नवरा त्या नळीवरून नजर न काढता बसला होता. डोळ्यांदेखत रक्त गोठलेलं बघितल्यावर त्याने सुईचा हट्ट सोडला. दहा वेळा समजावून जे झालं नसतं ते त्या नळीने केलं.

तरीही डॉक्टरने दोन पथ्यं पाळली. प्रतिविष आणि ॲड्रेनालिन हाताशी काढून ठेवलं, आणि चिठ्ठीत नेमकं लिहिलं: फोटोवरून मलबारी चापडा, पहिली चाचणी सामान्य, चाचणी पुन्हा पुन्हा करावी, लघवीचं प्रमाण बघावं. लघवीचा मुद्दा वरवर अनाठायी वाटतो, पण पश्चिम घाटात नाकाचं टोक वर उचललेला हम्प-नोज्ड पिट व्हायपर हा चापड्याचा तपकिरी भाऊबंद आहे. त्याच्या दंशाने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, २००७ मध्ये केरळातल्या डॉक्टरांनी असे जिवावर बेतलेले दंश नोंदवले आहेत. फोटोवर शंभर टक्के विसंबून राहायचं नाही, असं त्या डॉक्टरने ठरवलं होतं. मला ही सावधगिरी फार मोलाची वाटते.

## प्लॅस्टिकच्या नळीचा घोळ

दुपारी १०८ च्या रुग्णवाहिकेतून मावशी खाली रुग्णालयात पोहोचल्या. पहिले तीन तास दर तासाला आणि मग दर सहा तासांनी चाचणी करायचं ठरलं. कर्मचाऱ्याने बॉलपेनने त्वचेवर सुजेच्या कडेला रेघ मारून बाजूला वेळ लिहिली. संध्याकाळपर्यंत मनगट, मग कोपराखालपर्यंत अशा तीन रेघा झाल्या. तर्जनीवर पाणी भरलेला फोड आला. दुखणं भयंकर होतं. त्यावर पॅरासिटामॉल दिली. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी मुद्दाम टाळली, कारण तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

रात्रीच्या चाचणीत रक्त गोठलं नाही.

वॉर्डात धावपळ झाली, प्रतिविषाच्या बाटल्या निघाल्या, आणि घरच्यांना वाटलं की शेवटी फुरसंच होतं. ड्यूटीवरच्या डॉक्टर मॅडमनी मलूल दिव्यात नळी हातात घेऊन बघितली. ती प्लॅस्टिकची होती. ही चाचणी काचेच्या नळीतच करायची असते. काचेच्या पृष्ठभागामुळे रक्त गोठण्याची साखळी सुरू होते, प्लॅस्टिकमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या काचेत ती अडखळते आणि निरोगी रक्तही पातळ राहू शकतं. मॅडमनी दोन नव्या काचेच्या नळ्या मागवल्या. एकीत मावशींचं रक्त, दुसरीत तुलनेसाठी मावशींच्या मुलाचं. वीस मिनिटांनी दोन्ही घट्ट. प्रयोगशाळेतल्या गोठण्याच्या तपासण्याही पुढे सामान्य आल्या.

मॅडमची ती वीस मिनिटं सोपी नव्हती. रुग्णाच्या अंगावर सूज चढत होती, नातेवाईक दारात उभे होते, आणि चाचणी खरी असती तर प्रत्येक मिनिट मोलाचं होतं. पण मावशींना हिरड्यांतून, लघवीतून किंवा सुई टोचल्या जागेतून रक्त येत नव्हतं. रक्तदाब स्थिर होता. या खुणांच्या जोरावर त्या थांबू शकल्या. यातली एक जरी खूण बिघडलेली असती तर थांबणं चूक ठरलं असतं, असं त्यांनी स्वतः सांगितलं.

## साप: मारायचा, न्यायचा की राहू द्यायचा

इकडे गावात दुपारपर्यंत काठ्या घेऊन माणसं जमली. मारून टाका, हा पहिला सूर. सर्पमित्राला बोलावून दूर घाटात सोडा, हा दुसरा. दूर सोडणं सगळ्यांना दयाळूपणाचं वाटतं, पण त्यात सापाचं मरण असू शकतं. उत्तर अमेरिकेतल्या टिंबर रॅटलस्नेकवरच्या १९९९ मधल्या अभ्यासात दूर नेऊन सोडलेले साप तिथल्या सापांपेक्षा कितीतरी जास्त भटकले आणि कितीतरी जास्त प्रमाणात मेले. तीही खळगेधारी, दबा धरणारीच जात. अनोळखी जागेत लपायचं कुठे आणि भक्ष्य कुठे हे सापाला ठाऊक नसतं. शिवाय भटकणारा साप नव्या वस्तीत माणसांसमोर येतो.

वनरक्षक आल्यावर मधला मार्ग निघाला. त्याच्या देखरेखीखाली प्रशिक्षित सर्पमित्राने संध्याकाळी हुकने साप उचलला आणि त्याच झाडीत, ओढ्याच्या वरच्या अंगाला, वाटेपासून दहा-वीस मीटर आत सोडला. मावशींच्या नवऱ्याला हे पटलं नाही. बायको दवाखान्यात आणि साप मोकळा, हे त्याच्या गळी उतरणं अवघड होतं. त्याला समजावण्याच्या भानगडीत त्या दिवशी कोणी पडलं नाही, ते बरं झालं.

## निष्पत्ती

मावशींना तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. प्रतिविष द्यावं लागलं नाही. मूत्रपिंडं व्यवस्थित राहिली. सूज ओसरायला दोन आठवडे गेले, बोटाचा कडकपणा त्याहून बराच काळ टिकला. मुठीत विळा नीट धरता येईना, म्हणून गवताचं काम काही काळ सुटलं. मालकांनी त्या दिवसांची मजुरी आणि प्रवासखर्च दिला.

चापड्याच्या दंशाने माणूस दगावल्याचे प्रसंग विरळा आहेत, म्हणून हा दंश किरकोळ असं म्हणायचा मोह होतो. हातावर पोट असलेल्या बाईचं काम करणारं बोट महिनाभर वळत नसेल, तर त्याला किरकोळ म्हणवत नाही.

## काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी माहितीबद्दल. साप कुठे आहे हे गाईडला रोज माहीत होतं, त्याचे फोटो होते, वेळा होत्या. ती माहिती रात्री पैसे देणाऱ्या पाहुण्यांपर्यंत चोख पोहोचत होती. सकाळी त्याच वाटेवर हाताने गवत उपटणाऱ्या बाईपर्यंत ती गेलीच नाही. माझ्या मते या दंशाचं मूळ कारण हेच. कापलेली डहाळी त्यानंतर येते. साप आपणहून हलला असता तरी मावशी तितक्याच अनभिज्ञ राहिल्या असत्या.

आता होमस्टेच्या स्वयंपाकघराच्या दाराशी फळा आहे. रात्री परतल्यावर गाईड त्यावर लिहितो: कुठे, किती उंचीवर, कितीला दिसला, आणि नेहमीच्या जागी नसेल तर तसं स्पष्ट. ही शेवटची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. ‘दिसला नाही’ लिहिलेल्या दिवशी त्या भागात हाताने गवत काढायचं नाही, असं ठरलं आहे. एरवीही आधी लांब दांड्याने गवत हलवायचं, गमबूट आणि जाड हातमोजे घालायचे.

रात्रीच्या फेरीचे नियमही बदलले. काहीही कापायचं नाही, फांदीला हात लावायचा नाही, साप मान आकसू लागला की कॅमेरे खाली आणि मागे सरायचं, फोटो टाकताना जागा सांगायची नाही. हे नियम मालकच बुकिंगच्या वेळी सांगतात. जागच्या जागी नाही म्हणायची जबाबदारी तेवीस वर्षांच्या मुलावर टाकणं हीच आधीची चूक होती. तो एकदा नाही म्हणाला होता, त्याच्यामागे कोणी उभं नव्हतं.

दवाखान्यांच्या बाजूने पाहिलं तर केंद्रातली कामगिरी उत्तम होती. खालच्या रुग्णालयात काचेच्या नळ्यांचा वेगळा डबा आता अपघात विभागात ठेवला आहे. जी चाचणी करायला वीज, यंत्र, तंत्रज्ञ काहीच लागत नाही, ती एका चुकीच्या नळीमुळे उलटं उत्तर देऊ शकते, हे ग्रामीण भागातल्या प्रत्येक ड्यूटी रूममध्ये ठाऊक असायला हवं.

एका मुद्द्यावर मालकांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. त्यांना लाल चिंधी कामाची वाटते, साप असलेल्या झुडपाला ते अजूनही ती बांधतात. मला ती धोक्याची वाटते. रात्री ती अनोळखी माणसालाही सापाचा पत्ता देते, आणि साप निघून गेला की लोक चिंधीजवळ जपून वागतात आणि सहा फुटांवर बिनधास्त हात घालतात. निदान रोज रात्री ती काढून, साप प्रत्यक्ष दिसला तरच पुन्हा बांधावी, एवढं त्यांनी मान्य केलं आहे.